बसलेल्या टायरवर तिसरा नंबर

४ मार्च

आजी,

फोनवर तुला माझं अर्धं बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतेस, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते, संध्याकाळी सायकल. फेब्रुवारीतल्या शर्यतीत तिसरी आले ते तुला कळवलं होतं, फोटोही पाठवला होता. आता मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुढची शर्यत आहे. शंभर किलोमीटर, सगळा रस्ता खडीचा. त्यासाठी हलके आणि वेगवान टायर हवे आहेत. इथल्या दुकानात भिंतभर टायर लावलेत, पण दुकानदाराला काही विचारलं की तो खोक्यावर छापलेलंच मोठ्याने वाचून दाखवतो. खाणीच्या रस्त्यावर चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवणारी बाई घरात असताना मी त्याला कशाला विचारू? तूच निवडून पाठव.

माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण, जिला आम्ही सगळे शिडी म्हणतो, ती फेब्रुवारीच्या शर्यतीत पडली. कोपर मोडलं, प्लास्टर आहे. बाकी ठीक.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरे,

पत्र पोचलं. माझं शिक्षण तिसरीत संपलं, तेव्हा माझ्या अक्षराला हसायचं नाही.

"हलके आणि वेगवान" हे तू असं लिहिलंयस की जणू दोन्ही एकाच बरणीत मिळतं. हलका टायर म्हणजे पातळ टायर. कुठलं तरी रबर काढल्याशिवाय तो हलका होत नाही. कुठलं काढलंय, तेवढंच बघायचं असतं. मधलं काढलं तर लवकर झिजतो. बाजूचं काढलं तर खडीची धार त्याला चिरते. कडेचे दाणे काढले तर वळणावर तू आडवी.

आणि टायर दगडासारखा टणक केला की सायकल पळते हे डोक्यातून काढ. डांबरावर पळते. खडीवर ती उड्या मारते, आणि उडीत गेलेला जोर तुला पुढे नेत नाही, वर फेकतो. खडीला रुंद टायर लागतो, मऊ कापडाचा, हवा थोडी कमी. तो दगडावर आपटत नाही, दगड पोटात घेतो.

आता आपल्या दुकानाची रीत. तुझ्या आजोबांपासून चालत आली आहे, तुझ्यासाठी मोडणार नाही. जुना टायर दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही. गिऱ्हाईक स्वतःबद्दल वाटेल ते सांगतं, मी जपून चालवते, मी खड्डे चुकवते. टायरला थापा मारता येत नाहीत. मागच्या चाकाचा पाठव. सोबत त्या रस्त्यावरची मूठभर खडी, पिशवीत बांधून. आकडे नकोत मला.

शिडीचं ऐकून वाईट वाटलं, असं लिहायची पद्धत आहे. मी तिला ओळखत नाही. पण एका हाताने वेणी घालता येत नाही, तेवढं बघ.

आजी


१५ मार्च

आजी,

टायर पाठवते आहे, मागच्या चाकाचाच आहे. फार मळला होता म्हणून साबणाने धुतला. खडी वेगळ्या पिशवीत आहे.

शिडीची वेणी मीच घालते. बुटाच्या नाड्याही बांधते. ती प्रत्येक वेळी थँक्यू म्हणते. नको म्हटलं तरी म्हणते.

टायर बघून झाला की टाकून दे.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरे,

टायर धुऊन पाठवणारं तू माझं पहिलं गिऱ्हाईक. साबणाने माती जाते, घाव जात नाहीत.

खडी बघितली. यंत्राने फोडलेली आहे, नदीतली गोल नाही. म्हणजे मधे हलका नि बाजूला जाड कापडाचा टायर लागेल. तो निघेल माझ्याकडे.

आता तुझा टायर. एक, तू अंगाने भरलीस. मधली नक्षी जशी सपाट झाली आहे तशी तुझ्या जुन्या वजनाने व्हायची नाही. चांगलं झालं, नुसता सापळा होतीस. दोन, उतारावर घाबरतेस आणि एकटा मागचा ब्रेक दाबतेस. ही खोड तुला लहानपणी नव्हती. तीन, आणि हे बघून मी चष्मा पुसून परत घातला. टायरच्या आतून दोन्ही बाजूंना रिमने चावल्याची रेघ आहे, पूर्ण गोल फिरलेली. कापड उघडं पडलंय. आत हवा नसताना हा टायर निदान दोन मैल चाललाय. आणि भोक केवढं, तर सुईएवढं. काट्याचं. पाच मिनिटांचं काम.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फेब्रुवारीची शर्यत! बसलेल्या टायरवर दोन मैल जाऊन तू तिसरी आलीस, आणि मला कळवलंस काय, तर "तिसरी आले, बरी आहे." अगं, या गोष्टी घरच्यांना सांगायच्या असतात.

पण एक सांग. तुम्ही जोडीने जाता ना? तूच फोनवर सांगितलं होतंस की नंबर ज्याचा त्याचा, पण मदतीला जोडी, आणि सायकल हलकी राहावी म्हणून सामान वाटून घेता. एकीकडे पंप, दुसरीकडे ट्यूब आणि पाने. मग ती पंपवाली कुठे उलथली होती? तिला तू दिसली नाहीस असं मला सांगू नकोस. त्या बयेला माझा निरोप दे. म्हणावं, हलकं व्हायचं म्हणून सामान उतरवलंस ते समजलं, लाज पण त्यातच उतरवलीस का?

टायर टाकायचा वगैरे नाही. दुकानाच्या दाराशी खिळ्याला टांगलाय. खाणीचा मुकादम, पाववाला, शाळेतल्या बाई, सगळ्यांना आत बोलावून रेघ दाखवली. पाववाला म्हणाला, आजी, नातीचे पाय लोखंडाचे आहेत. मी म्हटलं, आजीवर गेली आहे.

आजी


२६ मार्च

आजी,

तो टायर काढ. हात जोडते. कुणालाही काही सांगू नकोस. नव्या टायरची घाई नाही.

भिंगरी


३१ मार्च

भिंगरे,

का काढू? नम्रपणा आपल्या घरात कुणाला झाला नव्हता, तुला कुठून लागला?

असं लिहिणार होते आणि पत्र बंद करणार होते. पण मुकादम आला. त्याने टायर हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, आजी, असल्या टायरवर उतारावरून गेलेला माणूस पडायला पाहिजे. मी म्हटलं, माझी नात आहे, ती पडत नाही. तो नुसता हसला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही, म्हणून तो गेल्यावर मी टायर खाली घेतला आणि इंच इंच बघितला. उजव्या कडेला एका जागी दाणे सोलून निघालेत. सायकल आडवी होऊन घसरत गेली की निघतात तसे.

मग शर्यतीनंतरचा तुझा फोटो काढून बघितला. गळ्याची हाडं मोजता येतात. गुडघ्यावर साधा ओरखडा नाही.

टायर परत खिळ्याला लावलाय. मला फक्त एवढं सांग, तो कुणाचा आहे?

आजी


९ एप्रिल

आजी,

तो शिडीचा आहे. पंपवाली मी आहे.

नवे टायरही तिच्यासाठीच मागितले होते. तिला मेमध्ये परत उतरायचंय. तिच्यासाठी म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस की तुझा एवढा जीव का चाललाय. म्हणून माझ्यासाठी म्हटलं. पण टायर तिच्या चाकाला बसायला हवा, म्हणून जुना तिचा पाठवला. धुतला की काही कळणार नाही असं वाटलं. मी तुझी नात असून मला असं वाटलं.

साठाव्या किलोमीटरला, उतार लागतो तिथे, ती रस्त्याच्या कडेला उभी होती. माझ्या पुढे होती ती शर्यतीत, चांगलीच पुढे. सायकल उलटी करून ठेवलेली, ती चाकावर वाकलेली, एक हात वर. तिने टायर उचकटून नवी ट्यूब आत बसवूनही ठेवली होती, आजी. फक्त हवा भरायची राहिली होती. पंप माझ्या बाटलीशेजारी पट्ट्याने बांधलेला होता आणि प्रत्येक खड्ड्यात खडखडत होता. माझ्या पुढे आता दोघीच उरल्या होत्या.

धूळ होती, असं मी सगळ्यांना सांगितलंय. धूळ होती, पण ती पुढच्यांची, लांब. माझ्या आणि तिच्या मधे काही नव्हतं. तिच्या मोज्यांचा रंग दिसला मला. मी मान खाली घातली आणि गेले.

मागून आलेल्या दोघी थांबल्या तिच्यासाठी. त्यांच्या पंपाचं तोंड तिच्या व्हॉल्वला बसेना. तिने वीस मिनिटं माझी वाट बघितली आणि मग मदतीच्या तंबूपर्यंत तशीच निघाली. उतारावरच्या वळणाला टायर रिममधून निघाला.

ती म्हणते, मी चाकावर वाकले होते तेव्हाच तू धुळीतून पुढे निघून गेली असणार, नाहीतर थांबली असतीस. हे ती वेणी घालून घेताना म्हणते. मी तिच्या मागे उभी असते, त्यामुळे माझं तोंड तिला दिसत नाही. मागच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. मला वाटलं, सुटले. पण कोपर पुरतं वाकत नाही, हात मानेमागे जात नाही. वेणी अजून मीच घालते.

तू म्हणायचीस ना, चढावर कुणासाठी थांबायचं नाही. तेच माझ्या डोक्यात होतं तेव्हा. तुझ्यावर ढकलत नाही. बहुतेक ढकलतेच आहे.

आता तू जे बोलशील ते बोल. निरोप मला मिळालाच आहे.

भिंगरी


२४ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. टपालखात्यावर ढकलणार होते, पण तुझी धूळ वाचल्यावर तेही करवेना.

चढावर थांबू नको म्हणाले होते, कारण चढावर एकदा पाय टेकला की परत पायडल मारून निघता येत नाही. सायकलीबद्दल बोलत होते मी, गाढवे. आणि तू उतारावर होतीस. पण शब्द माझेच होते, आणि मी ते दर वेळी अशा थाटात म्हणायचे की ऐकणाऱ्याला ते साऱ्या जगाला लागू वाटावेत. तेवढा भाग माझा. घेतला.

आता माझं ऐक. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी टायर काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढू म्हटलं. दुसऱ्या दिवशी गर्दी होती. तिसऱ्या दिवशी एक बाई आली, अनोळखी, साखळीला तेल घालून घ्यायला. तिनेच विचारलं, तो टायर म्हणतात तो हाच का? तुझं पत्र माझ्या कामाच्या कोटाच्या खिशात होतं. मी म्हणाले, हो, हाच. वर म्हणाले, माझी नात आहे.

तू निदान घाईत होतीस. पुढे दोघी, मागे कितीतरी. मी स्टुलावर बसले होते, हातात तेलाची बुधली, कसली घाई नाही, आणि वय पंच्याहत्तर. तुला गाढवे म्हणायचा अधिकार मला किती उरला ते तूच बघ. मी तरी म्हणणारच.

चौथ्या दिवशी टायर काढला. पण काढून भागत नाही. खिळा मोकळा दिसला की लोक विचारतात, टायर कुठे गेला. म्हणून मग ज्याला ज्याला फुशारकी सांगितली होती त्याच्या दारात गेले. त्यांनी दुकानात येईपर्यंत थांबायचं म्हटलं असतं तर मी येणाऱ्या गिऱ्हाइकावर बघून ठरवलं असतं, याला सांगू, याला राहू दे. सात दारं झाली. त्या तेलवाल्या बाईचं घर शोधून काढायला दोन दिवस गेले. तिला तर आठवतही नव्हतं, तिला ते सगळं परत सांगून मग खोटं होतं म्हणून सांगावं लागलं. शाळेतल्या बाईंनी मला आत बसवून पाणी दिलं, जसं काही घरात कुणी गेलंय. मुकादम म्हणाला, मला तेव्हाच वाटलं होतं. पाववाला पाव कागदात बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाला, असू दे आजी. ते सगळ्यात वाईट.

पहिल्या दारात मी पाव तास बोलले. तुझी वाढ, तुझं वय, शर्यतीचं दडपण, सगळं घातलं त्यात. सातव्या दारापर्यंत एवढंच उरलं: टायर दुसऱ्या मुलीचा आहे. पंप माझ्या नातीकडे होता. ती थांबली नाही. तीन वाक्यं. तुला उपयोगी पडतील, पाठ कर.

टायर पाठवते आहे. मधे जवळजवळ गुळगुळीत, अगदी बारीक नक्षी, पळण्यासाठी. कडेला मोठे दाणे, वळणासाठी. बाजूला कापड दुहेरी आहे, तुमच्या खडीची धार सहज आत जायची नाही. बोटावर टांगून बघितले, असले हलके आणि तरी दमदार टायर माझ्या दुकानातून वर्षाला एखादी जोडी जाते. बिनट्यूबचेही आलेत हल्ली, त्यांच्या पोटात दुधासारखं काही घालतात आणि काट्याचं भोक आपोआप बुजतं. पण जुन्या टायरवरून दिसतंय की तिचं रिम ट्यूबचं आहे, म्हणून ट्यूबचेच दिले. हवा पुढे अठ्ठावीस पाउंड, मागे बत्तीस. त्याहून जास्त नको.

आधी सांगायचं, मग पुडकं द्यायचं. आधी टायर हातात ठेवलेस तर ती बिचारी उपकाराखाली बसून ऐकेल. ती लाच झाली.

आजी


६ मे

आजी,

पुडकं नऊ दिवस माझ्या खाटेखाली होतं. काल सांगितलं.

पहिलं वाक्य म्हटलं तर ती म्हणाली, माझाच आहे तो टायर, तू विचारून नेलास ना. दुसरं म्हटलं. ती म्हणाली, बरं मग? तिसऱ्याला वेळ लागला. मी कंगवा हातात धरून तिच्या मागे उभी होते. मग पुढे येऊन, तिच्यासमोर उभी राहून म्हटलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, किती जवळून गेलीस? मी खुर्चीपासून दारापर्यंत दाखवलं. ती उठली आणि तेवढं अंतर चालून बघितलं. चार पावलं. परत आली, परत चालली. मग म्हणाली, मला वाटलं होतं लांबून असेल.

एवढंच बोलली.  आज केस कापून आली, कानापर्यंत. आता तिला वेणी लागत नाही. बुटाच्या नाड्या दाताने ओढून बांधल्या, मी बघत बसले.

क्लबातही सांगितलं मी. तीन वाक्यं. जोडीला यायला आता कुणी तयार नाही, आणि जोडीशिवाय नाव घेत नाहीत, म्हणजे मेची शर्यत माझ्यापुरती संपली. पुडकं तिच्या खाटेवर ठेवलं. तिने ते सोडलेलं नाही. रात्री सरकवून बाजूला झोपली.

भिंगरी


११ मे

शिडीबाईंस,

तुझं खरं नाव मला कुणी सांगितलं नाही. मी भिंगरीची आजी, सायकल दुकानवाली.

तुझ्या खाटेवर जे पुडकं आहे ते माझ्याकडून आहे. नातीची माफी त्यात गुंडाळलेली नाही, उघडून बघ. नुसते टायर आहेत, आणि ते तुझा जुना टायर बघून तुझ्यासाठी निवडले आहेत. दुसऱ्या कुणाला ते नीट बसणार नाहीत. हवा पुढे अठ्ठावीस पाउंड, मागे बत्तीस, भिंगरीलाही लिहिलंय.

मी लिहिते आहे ते माझ्या वागण्याबद्दल. तुझा टायर मी दाराशी टांगला आणि त्यावर माझ्या नातीची बढाई मारली. खरं कळल्यावरही तीन दिवस मारली. ज्या टायरवरून तू पडलीस त्यावर मी शाबासकी घेतली. सगळ्यांना सांगून झालंय, तुलाच सांगायचं राहिलं होतं.

नातीला माफ कर असं मी लिहिणार नाही. अशी मुलगी माझ्या दुकानात कामाला असती तर त्याच दिवशी काढली असती. नातीला काढायची सोय नाही, नाहीतर बघितलं असतं.

उतारावर घाबरतेस ते टायरवर दिसतं, पण एकटा मागचा ब्रेक दाबत जाऊ नकोस. दोन्ही दाब, थोडे थोडे, आणि वळणाच्या आधी. वळणात नाही.

भिंगरीची आजी


१६ मे

आजी,

पुडकं उघडलं. टायर छान आहेत, मी स्वतः बसवले. कोपराने थोडी कुरकुर केली, पण बसले. काल तीस किलोमीटर चालवून बघितले. खडीवर पूर्वी दात वाजायचे, आता वाजत नाहीत.

मी उतारावर घाबरते हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला टायरवरून कळलं याचा मला थोडा रागच आला. दोन्ही ब्रेक दाबून बघते आहे.

टायर ठेवते. तुमच्या नातीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. खोली बदलायचा विचार होता, पण मी का बदलू? जोडी मात्र बदलली आहे. आणि आता पंप स्वतःचा बाळगते. वजन वाढलं तर वाढलं.

तुम्ही माफ कर असं लिहिलं नाही, त्याबद्दल आभार. बाकी सगळे तेच सांगतात.

शिडी


२७ मे

आजी,

शर्यत परवा झाली. शिडी सहावी आली. उतारावर तिला दोघींनी गाठलं, पण ती पडली नाही आणि टायर शेवटपर्यंत टिकले.

मी उतरणार नव्हते म्हणून क्लबने मला सुरुवातीच्या जागी हवा भरायच्या टेबलावर उभं केलं. मोठा पंप आणि रांग. रांगेत सगळ्याच ओळखीच्या. माझ्यापुढे चाक धरून उभ्या राहिल्या की एकमेकींकडे बघत. पंपवाली म्हणून आता मीच. तोंड फिरवायला एकीकडे भिंत होती आणि दुसरीकडे रांग.

शिडीही रांगेत होती. तिचा छोटा पंप सायकलला होता, पण अचूक पाउंड मोजायला मोठाच लागतो. तिने चाक पुढे केलं. मी विचारलं, किती? ती म्हणाली, तुला माहीत आहे. मी पुढे अठ्ठावीस भरले, मागे बत्तीस. तिने खिशातून स्वतःचं हवा मोजायचं यंत्र काढलं आणि सगळ्यांसमोर दोन्ही चाकं तपासली. पुढचं सव्वीस निघालं. तिने चाक परत माझ्याकडे केलं. मी भरलं. तिने परत तपासलं. "ठीक," म्हणाली.

तीन आठवड्यांत ती माझ्याशी बोलली ते शब्द इतकेच. घरी आल्यावर नाही.

आजी, मी मुद्दाम कमी भरली नव्हती गं.

भिंगरी


२ जून

भिंगरे,

मुद्दाम कमी भरली नव्हतीस ते मला माहीत आहे. तिला कसं माहीत असणार? नळी काढताना हाताला झटका बसला की दोन पाउंड सहज निसटतात, शिकलेल्या माणसाचेही. दुसऱ्या कुणाच्या हातून गेले असते तर ते निसटले म्हटले असते. तुझ्या हातून गेले की ते कमी भरले असतात. हे असंच राहणार काही दिवस. किती ते विचारू नकोस.

इथे मुकादम येतो अजून. चाळीस वर्षं तो पंक्चर काढायला सायकल टाकून निघून जायचा, संध्याकाळी न बघता घेऊन जायचा. हल्ली थांबतो. ठिगळ लावून झालं की ट्यूब माझ्या हातातून घेतो, पाण्याच्या घमेल्यात स्वतः बुडवतो आणि बुडबुडे येतात का बघत बसतो. बुडबुडे येत नाहीत. मग मान हलवतो. पहिल्यांदा त्याने ट्यूब मागितली तेव्हा माझे कान तापले, वाटलं घमेलं त्याच्या डोक्यावर ओतावं. आता काही न बोलता देते. त्याची ट्यूब आहे.

शिडी परत चाक पुढे करेल की नाही ते तिच्यावर. करेल तेव्हा तू वाकायचं आणि भरायचं. ती तपासेल. तुला वाटेल आता झालं असेल, तेव्हाही तपासेल. तोंड वाकडं करायचं नाही, हसायचं नाही, मी बरोबर भरली आहे गं असं म्हणायचं नाही. तिचं बघून होईपर्यंत व्हॉल्वचं टोपण हातात धरून उभं राहायचं. आधी लावायचं नाही.

आजी